तिसरी बशी

रविवार, ३ फेब्रुवारी १९६३

हॉटेलात गेले! मी, बेबीताई आणि पंचफुला — तिघीच. बरोबर पुरुषमाणूस कोणी नाही. समोरच्या दारानं आत, गल्ल्यावरच्या माणसाच्या डोळ्यांदेखत. उजव्या हाताला पडदा लावलेली खोली, वर पाटी — 'फॅमिली रूम'. मी दारातच अडखळले. बेबीताई म्हणाली, "चाल न वं, थो मानूस काय खाते काय तुले!"

आलुबोंडे आले तेव्हा पहिला पदराआड धरून खाल्ला. दुसऱ्याला पदर सोडला.

अकोटला आमच्या घरची बाई हॉटेलच्या बाकावर कधी बसली नाही. बाजाराच्या दिवशी आई तहानेनं कासावीस झाली तरी गाडीतच बसून राहायची, बाबा तांब्या घेऊन यायचे. आणि मी आज पंख्याखाली बसून मिरची मागून घेतली!

घरी पत्र लिहिलं. रविवारी अंबादेवीला गेले होते, असं लिहिलं. गेलेच होते. पाच मिनिटं.

बुधवार, ६ फेब्रुवारी

अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागून आज एक महिना झाला. आता कानाला हेडफोन लावला की छातीत धडधडत नाही. "नंबर प्लीज" म्हणताना आवाजही फुटत नाही. बेबीताई आमच्यात सगळ्यात जुनी — मोर्शीची, घरी संत्र्याचा बगीचा, तोंडानं फटकळ. पंचफुला आणि मी एकाच दिवशी हजर झालो, म्हणून खोलीही एकत्र घेतली. राजापेठेत, दुर्गाबाईंच्या घरामागची. दुर्गाबाई विधवा, एकट्या. संध्याकाळी प्रार्थना म्हणतात, महिन्यातून एकदा मोझरीच्या आश्रमात जातात. आमच्या येण्याजाण्यावर त्यांचा डोळा असतो, पण बोलत नाहीत.

पंचफुलानं पहिल्या संध्याकाळी ट्रंक उघडायच्या आधीच मला सांगितलं होतं. "मी बौद्ध आहे. मूर्तिजापूरकडची. एका स्टोवर जमत असंल तं सांग, नाही तं मी दुसरी खोली पाहते."

मी म्हटलं, मला असलं काही वाटत नाही. आणि खरंच वाटत नाही! वर म्हटलं, "मी कोणाला सांगणार नाही, आईशप्पथ. दुर्गाबाईंनाही नाही." ती हसली. का हसली कळलं नाही. त्या दिवशी झोपताना मला माझं फार कौतुक वाटत होतं. आता लिहिताना जरा लाज वाटते.

रविवार, १० फेब्रुवारी

नियम ठरला. दर रविवारी नवी जागा, पाळीपाळीनं एकीनं निवडायची. आज बेबीताईची पाळी — राजकमलजवळ मद्राशाचं हॉटेल निघालं आहे तिथं. डोसा म्हणून केवढा तो! ताटाच्या दोन्हीकडून बाहेर आलेला. मला वाटलं तिघींत एक आहे. मी मोडून वाटायला घेतला तर वेटर आणखी दोन घेऊन आला. पंचफुला इतकी हसली की तिला ठसका लागला.

रविवार, १७ फेब्रुवारी

पंचफुलाची पाळी. गोकुळ उपाहारगृह, गिलावडा. वडा दह्यात बुडालेला, वरून तिखट, चिंचेचं पाणी. तिनं दोन खाल्ले आणि वेटरला खणखणीत आवाजात म्हणाली, "आणखी एक आना, दही जास्त टाका!" बाजूच्या टेबलावरची माणसं पडद्याकडे पाहायला लागली असतील. मी म्हटलं, हळू बोल ना.

ती म्हणाली, "काहून हळू?"

मग सांगितलं. त्यांच्या गावच्या हॉटेलात त्यांच्यासाठी कप वेगळा. बाहेर खिळ्याला टांगलेला, कान तुटका. प्यायचा, आपल्या हातानं धुवायचा, परत टांगायचा. चहावाला वरून ओतायचा, हात लागू नये म्हणून लांबून. एकदा चहा तिच्या बापाच्या, मोतीरामजींच्या मनगटावर पडला. त्यांनी कप धुतला, परत टांगला. छप्पन साली तिला घेऊन नागपूरला गेले, दीक्षा घेतली. परत आल्यावर पुन्हा त्या हॉटेलची पायरी चढले नाहीत.

"म्हून मले हॉटेलात बसाले आवडते," ती म्हणाली. "इथं खुर्चीवर बसलं का बशी आपोआप समोर येते. कोनी इचारत नाही."

बेबीताईनं आपल्यातला अर्धा वडा तिच्या बशीत टाकला. मी काही केलं नाही. मला रडू येत होतं, आणि असं वाटत होतं की आपण रडणं बरं दिसणार नाही.

रविवार, २४ फेब्रुवारी

वडाळीचा तलाव. माझी पाळी होती, पण मला हॉटेल सुचेना. बेबीताईच्या घरून पोतंभर संत्री आली होती, ती घेऊन गेलो. पंचफुला सोलते तेव्हा साल एका तुकड्यात निघतं. दिवसभर बोटांना वास होता.

इतकं चांगलं मला आजवर कधीच वाटलं नाही. हे घरी लिहिता येत नाही याचं वाईट वाटतं.

मंगळवार, ५ मार्च

बाबांचं पत्र. माझ्यासाठी स्थळ आलं आहे. मुलगा सूर्यभान, अकोल्याला हायस्कुलात मास्तर. मैनाआत्यांनी आणलं — त्या अकोल्यालाच असतात. मुलाची आई केशरबाई, फार कडक. नोकरी करू देतील म्हणतात. खाली बाबांच्या हातचं: "तुझ्याविषयी आत्याच्या कानावर आले की तू परजातीच्या मुलीबरोबर एका चुलीवर जेवतेस. खरे काय ते लिही. बोलणी नाजूक आहेत."

पत्र ब्लाउजमध्ये ठेवून दिवसभर बोर्डावर बसले. तीन कॉल चुकीचे जोडले. संध्याकाळी पंचफुलानं विचारलं, "घरी बरं आहे न?" म्हटलं, हो, आईचे गुडघे दुखतात.

आईचे गुडघे दुखत नाहीत.

गुरुवार, ७ मार्च

उत्तर लिहिलं. पंचफुला समोर भाकरी थापत होती. मी लिहिलं — ती मुलगी वेगळी राहते, वेगळी जेवते, माझा तिचा संबंध कामापुरता.

तिनं पहिली भाकरी मला दिली. पापुद्रा छान सुटला होता.

शुक्रवार, ८ मार्च

पत्र पेटीत टाकलं. पेटीत हात घालून काढता येतं का पाहिलं. येत नाही.

रविवार, १७ मार्च

डोकं दुखतं म्हणून गेले नाही. त्या दोघी गेल्या, आल्या तेव्हा माझ्यासाठी कागदात कचोरी बांधून आणली. पंचफुला उशाशी बसून अमृतांजन चोळत होती. मी डोळे मिटून पडले. दुखत नव्हतंच डोकं!

रविवार, २४ मार्च

ऊन तापायला लागलं. रसवंतीवर गेलो. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, बर्फ, आलं, लिंबू. पंचफुलानं मला विचारलं, "तुयं लगन जमून राहिलं काय वं?" मी दचकले. कोणी सांगितलं? "तूच झोपेत बडबडतं." मग म्हणाली, "चांगला असंल तं कर. पन इथं येत जा रविवारी."

म्हटलं, येईन.

रविवार, ३१ मार्च

 जे झालं ते लिहिते.

पंचफुलाच्या हट्टानं नियम मोडून पुन्हा गोकुळमध्ये बसलो होतो. गिलावडे अर्धे खाऊन झाले होते. पंचफुला दह्यानं भरलेला हात धुवायला मागे गेली आणि पडदा सरकला — मैनाआत्या! मागे केशरबाई. अकोल्याहून अंबादेवीच्या दर्शनाला आल्या होत्या. खोलीवर गेल्या तर दुर्गाबाईंनी गोकुळचा पत्ता दिला.

आत्या म्हणाल्या, "हाटेलात बसून राहिली तू? माय वं!" केशरबाई मात्र तेवढ्या रागावलेल्या दिसल्या नाहीत. म्हणाल्या, "नोकरीवाल्या पोरी. बसतीलच." पाच मिनिटं बसल्या. माझ्या बांगड्या पाहिल्या, पाय पाहिले. बेबीताईला गाव विचारलं. पंचफुलाचा विषय निघाला नाही. मी काही बोलले नाही. पंचफुला परत आत आलीच नाही. नंतर कळलं, पोटात कळ आली म्हणून ती मागच्या दारानं घरी गेली. बरंच झालं म्हणायचं.

नंतर आत्या खोलीवर आल्या, केशरबाई टांग्यातच बसून राहिल्या. आत्या आणि दुर्गाबाई आतल्या खोलीत दार लावून अर्धा तास बोलत होत्या. आवाज चढले होते, शब्द कळले नाहीत. पंचफुला गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. आत्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा लाल. जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "मी सांगतलं त्या बाईले. आता तुयं तू पाह्य."

काय सांगितलं असेल ते न कळायला मी लहान नाही. पण मी तर काही बोलले नाही ना!

गुरुवार, ४ एप्रिल

पंचफुला गेली. रजेचा अर्ज देऊन. अकोल्याच्या एक्स्चेंजला इंदूबाई म्हणून आहे, तिला अमरावती हवी आहे. दोघींच्या अदलाबदलीचा अर्जही टाकला म्हणाली. बापाची तब्येत बरी नाही म्हणे.

मी विचारलं, "दुर्गाबाई काही बोलल्या का?" ती ट्रंक आवळत होती. म्हणाली, "दुर्गाबाई काय बोलतीन." एवढंच. स्टो माझ्याकडे ठेवून गेली. तो अर्धा तिचा होता.

दुर्गाबाई टांग्यापर्यंत गेल्या. पदरानं डोळे पुसले. एवढं ढोंग!

शुक्रवार, ५ एप्रिल

खोली मोठी झाली.

रविवार, ७ एप्रिल

बेबीताई आली. म्हटलं, चल कुठे तरी. ती म्हणाली, "मले नाही यायचं तुयासंग." मग खाटेवर बसली आणि म्हणाली, "मी बी चूप बसली. तुयापेक्षा मायं काय चांगलं? पन बोलली तं तू न."

एकतीस तारखेचं पान खोटं आहे. फाडणार होते. राहू दे.

बोलले मी. केशरबाई बसल्या आणि त्यांनी टेबलाकडे पाहिलं. आम्ही दोघी, बशा तीन. तिसऱ्या बशीत अर्धा वडा, चमचा दह्यात. त्यांनी सहज विचारलं, "हे कोनाची?" आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. मला म्हणता आलं असतं — मैत्रिणीची. नाव कोणी विचारलं नव्हतं, जात तर नाहीच. नुसतं "मैत्रिणीची" म्हटलं असतं तरी भागलं असतं! आणि मी म्हटलं, "आमची नाही. आधीच्या गिऱ्हाइकाची राहिली." तेवढ्यावर थांबले नाही. वेटरला हाक मारली — मी, हळू बोल म्हणणारी, मोठ्यानं हाक मारली — "ही उष्टी बशी घेऊन जा इथून!"

त्यानं नेली. केशरबाईंनी त्या जागेवर आपली पिशवी ठेवली.

बरं झालं ती तिथं नव्हती. देवाची कृपा, की ती घरी गेली होती. पण आत्यांनी जे विष पेरलं त्यावर दुर्गाबाईंनी तिला चार दिवसांत काढलं. मोझरीला जायचं, प्रार्थना म्हणायच्या, आणि हे! मी वाईट वागले. पण तिला घराबाहेर मी नाही काढलं.

रविवार, १४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. एक्स्चेंजच्या खिडकीतून मिरवणूक दिसली. पांढरी पातळं नेसलेल्या बायांची रांगच्या रांग, निळे झेंडे, उन्हात डोळे दिपत होते. मी एकेक चेहरा पाहत उभी राहिले. ती गावी असणार, इथं कशी दिसेल. तरी पाहिलं. बोर्डावर चार कॉलचे दिवे लागले होते, बेबीताईनं घेतले.

गुरुवार, १८ एप्रिल

दुर्गाबाईंनी आंब्याचं पन्हं आणून दिलं. मी घेतलं नाही. तहान नाही म्हटलं. त्या पेला घेऊन उभ्या राहिल्या, मग गेल्या. आता त्यांच्याशी मी कामापुरतं बोलते. भाडं देते तेही ओट्यावर ठेवते, हातात नाही. कळू दे त्यांना.

हे केल्यावर जरा बरं वाटतं.

मंगळवार, २३ एप्रिल

इंदूबाई आली, पंचफुलाच्या खुर्चीवर बसली. चांगली आहे बिचारी. आणि आज दुपारी ट्रंक कॉलसाठी अकोला लावलं तर पलीकडून — "अकोला."

तिचाच आवाज. मी ओळखला. तिनंही माझा ओळखला असणार.

"अमरावती," मी म्हटलं.

"बोला, अमरावती."

"पंचफुला..."

"नंबर सांगा, अमरावती. पार्टी थांबली आहे."

कापसाच्या एका व्यापाऱ्याचा कॉल होता. जोडला. तीन मिनिटं ते दोघं भावावरून भांडत होते. आम्ही दोघी दोन टोकांना लाइनवर. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, की मला भास होत होता! वेळ संपली. तिनं प्लग काढला.

शुक्रवार, २६ एप्रिल

आज सात वेळा अकोला. सातही वेळा "बोला, अमरावती." इंदूबाईला तिथल्या बायांनी सांगितलं, पंचफुला अकोल्याच्या बोर्डावर हसत असते दिवसभर, नकला करते सगळ्यांच्या. सगळ्यांना हसवते म्हणे.

मंगळवार, ३० एप्रिल

लग्नाची तारीख धरली. वीस मे. सूर्यभानचं पत्र आलं — पहिलंच. अक्षर सुबक. लिहितात, अकोल्यातली सगळी हॉटेलं दाखवीन, आईला सांगायचं नाही. वाचून आधी हसू आलं आणि मग बराच वेळ पत्र पालथं ठेवलं. माणूस चांगला वाटतो. याला मी ती बशी मैत्रिणीची आहे म्हटलं असतं तर हा काही म्हणाला नसता, असं वाटायला लागलं. म्हणजे घाबरले कोणाला? कशासाठी?

शनिवार, ४ मे

लग्न ठरताच दिलेल्या अर्जावर बदलीचा हुकूम. अकोला, तीन जूनपासून. तिथं एक जागा रिकामी होतीच.

इंदूबाईनं सांगितलं, तिथं दोन बोर्ड, खुर्च्या इतक्या जवळ की कोपराला कोपर लागतो. हुकूम घडी करून ट्रंकेत तळाशी टाकला. पण मग वाटलं, बरंच आहे. तिच्याशी बोलता येईल. मी ठरवून ठेवलं आहे काय बोलायचं. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. चहाच्या सुट्टीत. म्हणेन — दुर्गाबाईंनी तुझ्याशी जे केलं ते मला मुळीच पटलं नाही. त्या दिवसापासून मी त्या बाईच्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नाही. हे खरंच आहे. तिला बरं वाटेल. मग दोघी मिळून दुर्गाबाईंना चार शिव्या देऊ, ती त्यांची नक्कल करेल, आणि रविवारी कुठे तरी जाऊ. बशीचं सांगायचं कारण नाही. तिला माहीत नाही ते कशाला सांगायचं?

हे मनात चार वेळा म्हणून पाहिलं. छान जमलं.

रविवार, ५ मे

बेबीताई आली होती. लग्नाच्या साडीचा काठ पाहिला, छान आहे म्हणाली. जाताना दारात थांबली — "तिले भेटशीन तं मायं बी सांगजो." काय सांगू विचारलं. म्हणाली, "मले माहीत असतं तं मीच सांगतलं असतं."

शनिवार, ११ मे

साडेतीनच्या गाडीनं लग्नासाठी घरी निघायचं. सामान बांधलं. दुर्गाबाई, स्वतः विधवा असून, खण-नारळ घेऊन ओटी भरायला आल्या. मी मागे सरकले. बोलून गेले — "पंचफुलाची भरली होती का? तिला तर चार दिवसांत घराबाहेर काढलं तुम्ही."

त्यांनी खण-नारळ खाली ठेवला. "मी काढलं? कोनं सांगतलं तुले? थे पोरगी पयल्याच दिवशी मले सारं सांगून राहाले आली. तुयी आत्या म्हने, काढा तिले. मी म्हनलं, घर मायं हाय, तुमी निंगा. मी तं हात धरला तिचा, नोको जाऊ म्हनलं. थे म्हने — बाई, मी हात धुवून आली तं पडद्यामांगंच उभी होती. आता त्या पोरीच्या बाजूले बसून जेवनं होत नाही मायाच्यानं."

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुले नाही सांगतलं तिनं?"